केळं काळं का पडतं आणि रक्ता-लघवीतलं ॲड्रेनालिन मशीन कसं शोधतं

मागच्या उन्हाळ्यात रावेरकडून मामांचा फोन आला. "काय वं माय, डॉक्टरनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायला सांगितली अन् वरून म्हणे केळं खायचं नाही तीन दिवस. आता केळ्याचा अन् बीपीचा काय संबंध ते तू सांग, तू त्याच लाइनमधली." मामांची केळीची बाग आहे, जी-नाईन जातीची, सकाळच्या चहाच्या आधी दोन केळी ही त्यांची पन्नास वर्षांची सवय, त्यामुळे त्यांना ती अट औषधापेक्षा कडू लागली होती. मी फोनवर अर्धा तास बोलले आणि तेव्हाच वाटलं की हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण ही तपासणी करायला सांगितलेल्या माणसाला कोणी नीट समजावत नाही, हातात कॅन देतात आणि पाठवून देतात.

मामांचं बीपी अचानक वर जायचं, डोकं ठणकायचं, घामानं शर्ट ओला व्हायचा, छातीत धडधड, आणि अर्ध्या तासात सगळं गायब. डोकेदुखी, घाम आणि धडधड हे तिन्ही असं एकत्र झटक्यानं येत असेल तर डॉक्टरच्या मनात एक शंका येते, फिओक्रोमोसायटोमा. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते, तिच्या आतल्या भागात गाठ झाली की ती गाठ ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन मनाला येईल तसं रक्तात सोडते. आजार दुर्मिळ आहे, पण सापडला तर बहुतेक वेळा ऑपरेशननं गाठ काढता येते, आणि सापडलाच नाही तर एखाद दिवशी बीपी इतकं चढतं की जिवावर बेततं. म्हणून शंका आली की तपासायचंच.

आता हे पदार्थ कोण ते बघू. डोपामाइन, नॉरॲड्रेनालिन, ॲड्रेनालिन, या तिघांना मिळून कॅटेकोलामाइन म्हणतात. शरीर ते एकापासून एक बनवतं. जेवणातल्या प्रोटीनमधून टायरोसिन मिळतं, त्याचं डोपा होतं, डोपाचं डोपामाइन, त्याच्यावर एक ऑक्सिजन बसला की नॉरॲड्रेनालिन आणि त्याला एक छोटा मिथाइल गट चिकटला की ॲड्रेनालिन. म्हणजे तिघं सख्खी भावंडं, चेहरेही जवळपास सारखे. ॲड्रेनालिन सगळ्यात आधी सापडलं, जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं १९०१ साली ते शुद्ध रूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. नॉरॲड्रेनालिन आपल्या नसांचा निरोप्या आहे हे १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरनी दाखवलं, आणि डोपामाइन मेंदूत स्वतंत्र काम करतं हे अर्विड कार्लसननी १९५७ च्या आसपास. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, एकाला १९७० साली, दुसऱ्याला २००० साली.

तिघांच्याही रेणूत एका टोकाला सहा कार्बनची कडी असते आणि त्या कडीवर शेजारी शेजारी दोन ओएच गट. या जोडीला कॅटेकॉल म्हणतात आणि हा सगळा लेख त्या दोन गटांवर उभा आहे म्हणा ना. ही जोडी फार हळवी असते, हवेतला ऑक्सिजन मिळाला, उजेड मिळाला, द्रावण थोडं अल्कलीकडे झुकलं की ती दोन इलेक्ट्रॉन सोडून देते आणि तिचं क्विनोन होतं, मग ही क्विनोनं एकमेकांना चिकटत जातात आणि रंग आधी गुलाबी, मग तपकिरी, मग काळपट.

आणि हे तर आपण खान्देशात रोज बघतो. केळं सोलून ठेवलं की काळं पडतं, सालीवर दाबलं त्या जागी डाग येतो, भरताचं वांगं चिरून पाण्यात नाही टाकलं तर दहा मिनिटांत तपकिरी होतं. केळीचा घड उतरवणाऱ्या मजुराच्या शर्टवर चिकाचे डाग असतात ना, जे कोणत्याच साबणानं निघत नाहीत, तो पण याच जातीच्या रसायनांचा खेळ. वांग्यात कॅटेकॉलचा तुकडा असलेलं क्लोरोजेनिक ॲसिड असतं आणि केळात तर चक्क डोपामाइनच असतं. सालीत भरपूर, गरात त्याहून बरंच कमी, पण तरी कॅव्हेंडिश जातीच्या केळाच्या गरात १०० ग्रॅममागे साधारण २.५ ते १० मिलिग्रॅम इतकं मोजलं गेलंय, आणि आपलं जी-नाईन म्हणजे ग्रँड नैन हे कॅव्हेंडिशमधलंच. केळात नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन असतं हे तर १९५८ सालीच छापून आलं होतं.

तर मामा, हा संबंध. केळ्यातलं डोपामाइन मेंदूत जात नाही, रक्त आणि मेंदूच्या मधली भिंत ते ओलांडू शकत नाही, त्यामुळे केळं खाऊन कोणाचा मूड बदलतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या. पण आतडं त्याची विल्हेवाट लावतं आणि तो कचरा लघवीतून जातो. तपासणीत आपण त्याच जातीचा कचरा मोजणार असतो. मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण आपण ज्या प्रमाणात शोधतोय ते बघा, आरामात पडलेल्या माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पाण्यात, नॉरॲड्रेनालिन काहीशे पिकोग्रॅम आणि ॲड्रेनालिन साधारण शंभर पिकोग्रॅमच्या आतच असतं. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम.

इतकं कमी, त्यात भावंडं एकसारखी, त्यात हवेनं खराब होणारी, आणि भोवती रक्तातल्या हजार गोष्टींची गर्दी. म्हणून दोन कामं करावी लागतात, आधी वेगळं करायचं आणि मग ओळखून मोजायचं.

वेगळं करायची युक्ती जुनी आहे. मिखाईल त्स्वेत नावाचा रशियन वनस्पतीतज्ज्ञ होता, त्यानं पानांचा हिरवा रस खडूच्या भुकटीनं भरलेल्या काचेच्या नळीतून ओतला आणि नळीत हिरवे पिवळे पट्टे वेगळे झाले. १९०३ साली त्यानं हे पहिल्यांदा मांडलं आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं, रंगांचं लेखन अशा अर्थानं. त्याच्या आडनावाचा रशियनमधला अर्थसुद्धा रंग असाच आहे. आजचं एचपीएलसी मशीन, म्हणजे जास्त दाबानं द्रव ढकलणारी क्रोमॅटोग्राफी, तीच नळी वापरतं, तिला कॉलम म्हणतात, फक्त ती स्टीलची, पंधरा किंवा पंचवीस सेंटिमीटर लांब, आतून साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि आत तीन ते पाच मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले. इतक्या बारीक कणांतून पाणी आपोआप जाणार नाही म्हणून पंप लागतो, १०० बारच्या वर दाब सहज जातो. मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. इतका दाब लावूनही मिनिटाला फक्त एक मिलिलिटर द्रव पुढे सरकतो.

कॉलममध्ये होतं काय तर सारंगखेड्याच्या यात्रेत होतं तेच. घरातली सगळी एका वेळी गर्दीत शिरतात. म्हातारीला काहीच घ्यायचं नसतं ती सरळ दुसऱ्या टोकाला पोचते, वहिनी बांगड्यांच्या दुकानात दोनदा थांबते, पोरं प्रत्येक खेळण्यापाशी अडकतात. रस्ता एक, गर्दीचा रेटा एक, तरी बाहेर पडायची वेळ ज्याची त्याची वेगळी. कॉलममधल्या कणांवर अठरा कार्बनच्या लांब साखळ्या चिकटवलेल्या असतात, म्हणून त्याला सी१८ म्हणतात, म्हणजे प्रत्येक कणाला तेलाचा पातळ लेप दिला असं समजा. तेलकट स्वभावाचा रेणू तिथं थांबत थांबत येतो, पाणीप्रेमी रेणू न थांबता वाहून जातो.

इथं अडचण येते. आपली तिन्ही भावंडं पक्की पाणीप्रेमी. आम्लात त्यांच्या अमाइन टोकावर धन भार येतो आणि मग ती तेलाकडे ढुंकून बघत नाहीत, तिघंही एकदमच सुरुवातीला बाहेर आणि सगळ्या कचऱ्यासोबत. मग वाहत्या द्रवात, त्याला मोबाइल फेज म्हणतात, साबणासारखा एक पदार्थ टाकतात, सोडियम ऑक्टेन सल्फोनेट. साबण कपड्यावरचा तेलकट मळ कसा धरतो, शेपूट तेलात आणि डोकं पाण्यात, तसंच हा आठ कार्बनची शेपूट कॉलमच्या तेलात रुतवतो आणि ऋण भाराचं डोकं बाहेर ठेवतो. धन भाराचे कॅटेकोलामाइन त्या डोक्यांपाशी थांबायला लागतात. आता फरक दिसतो. नॉरॲड्रेनालिन सगळ्यात जास्त पाणीप्रेमी, ते पहिलं बाहेर, ॲड्रेनालिनला एक मिथाइल जास्त म्हणून ते जरा मागून, आणि डोपामाइनच्या बाजूच्या शेपटीवर ओएचच नाही म्हणून ते शेवटी. एका मिथाइलइतक्या फरकावर कॉलम भावंडांना दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं बाहेर काढतो, मला आज इतक्या वर्षांनंतरही त्यांचे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, एकेक करून स्क्रीनवर उगवताना बघायला आवडतं.

मोबाइल फेजचं पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, तीनच्या आसपास म्हणजे आम्लाकडे ठेवतात, त्यात ते पीएच हलू न देणारा फॉस्फेट किंवा सायट्रेटचा बफर, थोडं मेथॅनॉल आणि चिमूटभर ईडीटीए, कारण लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश असले की खराब व्हायचा वेग वाढतो आणि ईडीटीए त्यांना बांधून ठेवतं. फिल्टर करायचं, हवेचे बुडबुडे काढायचे, मग वापरायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण इथं आळस केला की पुढचा अख्खा दिवस जातो.

पण रक्त किंवा लघवी अशीच थेट कॉलममध्ये नाही घालत. आधी सफाई. त्यासाठी जी युक्ती आहे ती मला सगळ्या पद्धतीतली सगळ्यात सुंदर वाटते. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची पांढरी भुकटी, सॅम्पलचं पीएच ८.६ च्या आसपास नेलं की कॅटेकॉलचे ते दोन शेजारी ओएच पक्कडीच्या दोन जबड्यांसारखे भुकटीला धरतात. युरिक ॲसिड, प्रोटीन, बाकी सगळं पाण्यानं धुवून काढायचं, पक्कड सुटत नाही. मग थोडं ॲसिड घातलं की पक्कड उघडते आणि जवळपास स्वच्छ कॅटेकोलामाइन हातात. फक्त लक्षात घ्या, अल्कलीत हे रेणू खराब होतात हे वर सांगितलंय, आणि ॲल्युमिना तर अल्कलीतच धरतं, त्यामुळे ही दहा-पंधरा मिनिटं घाईची असतात, जवळ ऑक्सिडेशन थांबवणारा पदार्थ घालून ठेवायचा, हलवत राहायचं आणि इकडं तिकडं गप्पा मारायला जायचं नाही.

तरीही थोडं वाया जातंच. म्हणून अगदी सुरुवातीला सॅम्पलमध्ये एक ओळखीचा पाहुणा मोजून टाकतात, डीएचबीए नावाचा, त्यालाही तीच कॅटेकॉलची पक्कड असते पण तो शरीरात नसतो. शेवटी पाहुणा शंभरातला सत्तर उरला तर भावंडंही साधारण तितकीच उरली असणार असं धरून हिशोब सरळ करता येतो. याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. तो ॲड्रेनालिन आणि डोपामाइनच्या मधे स्वतःच्या जागेवर बाहेर येतो, कोणाच्या अंगावर येत नाही.

आता मोजणं. साधा यूव्ही डिटेक्टर असतो, रेणू अतिनील उजेड किती शोषतो ते बघणारा, तो औषधाच्या गोळ्यांसाठी चालतो, आमच्याकडे फार्मसी कॉलेजांत मुलं त्याच्यावरच शिकतात, पण रक्तातल्या पिकोग्रॅमला तो आंधळा आहे. इथं केळं परत येतं. हे रेणू पटकन काळे पडतात, म्हणजे पटकन इलेक्ट्रॉन सोडतात, हा त्यांचा दोष आपण सॅम्पल सांभाळताना रात्रंदिवस सोसतो. कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांच्या गटातल्या पीटर किसिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली तोच दोष मोजपट्टी म्हणून वापरला. कॉलममधून बाहेर पडणारा द्रव त्यांनी कार्बनच्या इलेक्ट्रोडवरून वाहवला. आज काचेसारख्या गुळगुळीत कार्बनवर साधारण ०.६ ते ०.८ व्होल्ट लावतात, टॉर्चमधल्या एका सेलच्या निम्म्याएवढे. कॅटेकोलामाइन तिथं पोचला की इलेक्ट्रोड त्याचे दोन इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि क्विनोन होतो, केळात जे होतं तेच, फक्त ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या क्षणी. ते इलेक्ट्रॉन तारेतून जातात तो अगदी बारीक करंट मोजायचा. जास्त रेणू आले तर जास्त करंट, मोठं पीक.

व्होल्टेज वाढवलं तर जास्त सिग्नल मिळेल असं नवीन पोरांना वाटतं. मिळतो, पण मग कोणतीही फालतू गोष्ट इलेक्ट्रॉन सोडायला लागते आणि बेसलाइन, म्हणजे काहीच येत नसताना दिसणारी सपाट रेघ, नाचते. कमीत कमी व्होल्टला आपलं काम झालं पाहिजे. हा डिटेक्टर नाजूक पण फार, बेसलाइन स्थिर व्हायला तासन् तास लागतात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एसी बंद पडला किंवा लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. इलेक्ट्रोडवर थर बसला की तो घासून चमकवायचा, आणि तो पण ॲल्युमिनाच्याच बारीक भुकटीनं.

इलेक्ट्रोडला नाव कळत नाही, त्याला फक्त इलेक्ट्रॉन कळतात. पॅरासिटामॉलसुद्धा इलेक्ट्रॉन सोडतं आणि काही पद्धतींत नेमकं चुकीच्या जागी पीक देतं. कॉफीतल्या काही ॲसिडांत कॅटेकॉलची जोडी असते. लेव्होडोपा आणि मिथाइलडोपा ही औषधं तर याच कुटुंबातली, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी शरीरातलं नॉरॲड्रेनालिन खरोखरच वाढतं. म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टर आणि लॅब दोघांना द्यायची, सर्दीची गोळीसुद्धा लपवायची नाही, आणि स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आता बऱ्याच मोठ्या लॅबमध्ये कॉलमच्या पुढे मास स्पेक्ट्रोमीटर असतो. तो रेणूचं वजन करतो, मग त्याला फोडतो आणि तुकड्याचंही वजन करतो, डोपामाइन भारासकट १५४ चं दिसतं आणि फुटलं की १३७ चं. दोन्ही वजनं जुळली तरच मोजायचं, त्यामुळे पॅरासिटामॉलसारखे घुसखोर सहसा फसवू शकत नाहीत. मग कॉलम कशाला हवा असं कोणी विचारतं. हवाच, कारण ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनपासून शरीरात बनणारं नॉरमेटानेफ्रिन यांचं रासायनिक सूत्र एकच आहे, दोघांचं वजन १८३, अणू तितकेच, फक्त एक मिथाइल गट एकात नायट्रोजनवर आणि दुसऱ्यात ऑक्सिजनवर. काट्याला जुळे भाऊ ओळखू येणं कठीण, कॉलमला येतात.

नॉरमेटानेफ्रिनचं नाव आलंच आहे तर सांगते, कारण आज फिओक्रोमोसायटोमासाठी सगळ्यात आधी हेच मागवतात, ॲड्रेनालिन नाही. ॲड्रेनालिन रक्तात दोन-तीन मिनिटंही नीट टिकत नाही आणि गाठ ते झटक्यानं सोडते, सुई टोचली त्या वेळी झटका नसेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊन फसवेल. पण गाठीच्या पेशीतच एक एन्झाइम असतं ते साठलेल्या ॲड्रेनालिनचं मेटानेफ्रिन आणि नॉरॲड्रेनालिनचं नॉरमेटानेफ्रिन करत राहतं, आणि ते दिवसरात्र झिरपतं, झटका असो नसो. म्हणून प्लाझ्मातलं मुक्त मेटानेफ्रिन किंवा चोवीस तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन. यांच्या कॅटेकॉलच्या पक्कडीचा एक जबडा मिथाइलनं झाकलेला असतो, म्हणून ॲल्युमिना यांना धरत नाही, धन भार धरणारी वेगळी रेझिनची नळी वापरावी लागते. त्या बदल्यात हे जरा टिकाऊ असतात. लहान मुलांत न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ असते, तिच्यासाठी लघवीतले व्हीएमए आणि एचव्हीए, म्हणजे कॅटेकोलामाइन मोडून उरलेले पदार्थ, बघतात, तत्त्व हेच.

रक्त द्यायचं असेल तर वीस ते तीस मिनिटं शांत आडवं पडून मगच द्यायचं. उठून बसल्यानंसुद्धा नॉरॲड्रेनालिन वाढतं, भुसावळहून बसनं धक्के खात येऊन जिना चढून लगेच हात पुढे केला तर आकडा वाढीव येणार आणि घरात चार दिवस कोणी जेवणार नाही. सिगरेट, कडक चहा-कॉफी आधी नको.

लघवीच्या कॅनचं मामांच्या बाबतीत जे झालं ते सांगितलंच पाहिजे. कॅनच्या तळाशी थोडं पातळ काहीतरी होतं, मामींना वाटलं आधीचं पाणी राहिलंय, त्यांनी ते मोरीत ओतलं आणि कॅन साबणानं धुऊन ठेवला. ते ॲसिड होतं. लघवी आम्लात राहावी म्हणून मोजून घातलेलं, कारण आम्लात हे रेणू टिकतात आणि नाहीतर मे महिन्याच्या उन्हात ओसरीवर चोवीस तास ठेवलेला कॅन म्हणजे सोललेलं केळंच. देणाऱ्यानं एक वाक्य सांगितलं नव्हतं. नशीब की हातावर उडालं नाही. ते सॅम्पल फुकट गेलं, मामांनी परत तीन दिवस केळी सोडली.

दुसऱ्या वेळी मी स्वतः सांगितलं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची आणि वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, रात्रीचीसुद्धा, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची सकाळची घालून बंद. आधी वेगळ्या भांड्यात करायची आणि मग कॅनमध्ये हळू ओतायची, थेट कॅनमध्ये नाही, आत ॲसिड आहे. कॅन फ्रिजमध्ये किंवा गार अंधाऱ्या जागी. एकदा शेतात विसरून केली तर लपवू नका, सांगा, लॅब क्रिएटिनिन मोजून गोळा केलेलं पुरं आहे का त्याचा अंदाज घेते पण तुमचं खरं बोलणं त्याहून कामाचं.

मामांनी आठ दिवस बाग मजुरांवर सोडून हे सगळं पाळलं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन दोन्ही रेंजच्या बरेच आत आले, म्हणजे ती गाठ असायची शक्यता जवळपास संपली. डॉक्टरांनी मग मामींना विचारलं की हे रात्री घोरतात का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, कारण झोपेत श्वास थांबत असेल तरी बीपी असं हट्टी होतं. मामी म्हणाल्या, वीस वर्षांपासून.